पर्पल हेझची उमेदवारी

जिमी हेंड्रिक्सचं ‘पर्पल हेझ’ हे गाणं पुरतं तीन मिनिटांचंही नाही. आमचे गिटारकाका ते शिकायला बसले तेव्हा बोईसरला लोकल येत नव्हती आणि आमची जिल्हा कचेरी ठाण्याला होती. १६ एप्रिल २०१३ला डहाणूपर्यंत लोकल आली. १ ऑगस्ट २०१४ला पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. कोळगावला मुख्यालयाच्या इमारती उभ्या राहिल्या, साहेब लोक राहायला आले. काकांचं गाणं मात्र सरकारी पाटीवर लिहितात तसं ‘काम प्रगतिपथावर’ आहे. पहिला तुकडा वाजतो. दुसरा कधी कधी.

आता गंमत अशी की हे गाणं करणाऱ्याला ते करायला फारसा वेळ लागलेला नव्हता. २६ डिसेंबर १९६६, लंडन. अपर कट नावाच्या क्लबात कार्यक्रम होता आणि कपडे बदलायच्या खोलीत रिकामा वेळ होता, तेवढ्यात हेंड्रिक्सने ते लिहिलं. १७ मार्च १९६७ला रेकॉर्ड बाजारात आली. अपर कटचा मालक एक मुष्टियोद्धा होता, हेसुद्धा मला ठाऊक आहे. मला हे ठाऊक असण्याचं काहीही कारण नाही. मी काकांच्या खालच्या मजल्यावर राहतो, इतकंच.

काही लोक गाणं शिकतात, काही लोक गाण्याबद्दल शिकतात. काका दुसऱ्या जातीचे आहेत आणि त्या जातीत त्यांचा हात धरणारा विरारच्या अलीकडे कोणी नाही.

तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ते इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहेत. खिशावर कंपनीचं नाव भरलेला निळा शर्ट, खिशात टेस्टर, टेस्टरशेजारी गिटारचं पिक. उजव्या हाताची नखं किंचित राखलेली, डाव्या हाताची मुळापासून कापलेली. हा डावा हात ते कोणालाही दाखवतात. रिक्षावाल्याला सुट्टे देताना दाखवतात, दवाखान्यात घसा दाखवायला गेले तरी दाखवतात. “घट्टे बघा,” म्हणतात. घट्टे आहेत, त्याबद्दल वाद नाही. ते तारांनी पडले की स्पॅनरने, एवढाच प्रश्न आहे, आणि त्यांच्याच कंपनीतल्या लोकांचं मत स्पॅनरच्या बाजूने आहे.

काकांचं बालपण टॅप्स कॉलनीत गेलं, कारण वडील तारापूरच्या अणुवीज केंद्रात होते. पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारून दिल्या आणि २८ ऑक्टोबर १९६९ला वीज रीतसर ग्रिडला जायला लागली. त्याच वर्षी १८ ऑगस्टच्या सकाळी हेंड्रिक्स वुडस्टॉकच्या मंचावर ‘पर्पल हेझ’ वाजवत होता. काकांच्या लेखी या दोन घटना वेगळ्या नाहीतच. एकच वर्ष, एकच देश, वीजही एकच. ते सांगतात की जाता जाता एका अमेरिकन इंजिनीअरने त्यांच्या वडिलांना हेंड्रिक्सचं एक स्पूल भेट दिलं. स्पूल कोणी पाहिलेलं नाही. काकांच्या आईंना विचारलं तर त्या म्हणतात, “साहेबाने दिलं ते इस्त्रीचं घडीचं टेबल. पाय अजून मजबूत आहेत.” ते टेबल खरोखरच आहे. काकांचं सगळं सामान सध्या त्यावरच मांडलेलं असतं.

सत्तरच्या दशकात मुंबईत ॲटॉमिक फॉरेस्ट नावाचा एक रॉक बँड होता. हे नाव तारापूरवरूनच पडलं, असा काकांचा दावा आहे. पुरावा विचारला की ते उलट विचारतात, “मग तुम्हीच सांगा भाऊ, मुंबईच्या आसपास दुसरी अणुभट्टी होती कुठे?” ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ १९५६पासून होती, म्हणजे ती तर मुंबईतच. पण हे आम्ही त्यांना सांगत नाही. माणसाचं एवढं मोडायचं कशाला?

गिटार धोबी तलावाहून आणली त्या दिवसापासून तयारी सुरू आहे. हेंड्रिक्स डावखुरा होता आणि उजव्यांची गिटार उलटी धरून वाजवायचा. काका उजवे. तेव्हा आपण डावखुऱ्यांची गिटार घेऊन ती उलटी धरावी, की उजव्यांचीच घेऊन सरळ धरावी, यावर त्यांनी एक पावसाळा विचार केला. विचाराअंती सरळ धरली. मग अंगठ्याचं आलं. हेंड्रिक्सचे हात भलते मोठे. गळ्यावरून अंगठा वळवून तो सहावी तार दाबायचा आणि चार बोटं मोकळी ठेवायचा. काकांचा अंगठा तिथे पोचत नाही. पोचावा म्हणून व्यायाम आहेत. ते व्यायाम काका कंपनीच्या बसमध्ये करतात, त्यामुळे शेजारच्या सीटवर कोणी बसत नाही.

मग तारा. चिंचणीकडून येणारा खारा वारा आणि एमआयडीसीकडून येणारा तो दुसरा वारा यांच्या मधोमध आमची सोसायटी आहे. इथे खिडकीचे गज टिकत नाहीत, गिटारच्या तारा काय टिकणार? काका तारा पुसतात, तेल लावतात, पुन्हा पुसतात. तारा पुसून झाल्या की सूर लावायला घेतात आणि इथे खरी संध्याकाळ जाते. रेकॉर्डवर गिटार नेहमीच्या सुरात लावलेली आहे; मंचावर मात्र हेंड्रिक्स बहुधा सगळ्याच तारा अर्धा सूर उतरवायचा. मग आज रेकॉर्डसारखं वाजवायचं की मंचावरच्यासारखं? निर्णय होतो. खुंट्या पिळल्या जातात. सूर लागतो न लागतो तोच काकूंचा आवाज येतो, “अहो, पानं घेतली.” जेवण झालं की रात्रपाळी. नसली रात्रपाळी तर झोप.

आमच्या मजल्यावर जे ऐकू येतं ते असं: टुंग. टुंऽग. थोडी शांतता. टुंग. “आता बरोबर.” मग पाणी ओतल्याचा आवाज.

काही काळ वसईहून एक सर शिकवायला येत असत. चर्चच्या कॉयरमध्ये तयार झालेले, हात सुरेख, बोलणं कमी. त्यांनी आपल्या पद्धतीप्रमाणे आधी सी कॉर्ड, मग जी, मग ‘पुरानी जीन्स’ असा रस्ता आखला होता. काकांनी पहिल्याच रविवारी त्यांना विचारलं, “सर, सोलोमध्ये जो ऑक्टेव्ह वर उडाल्यासारखा आवाज आहे, तो ऑक्टेव्हिया पेडल बनवणारा रॉजर मेयर आधी ब्रिटिश नौदलासाठी पाण्याखालच्या आवाजांवर काम करायचा, हे खरं ना?” सरांना हे माहीत नव्हतं. काकांनी सांगितलं. पुढच्या रविवारी आणखी सांगितलं. सर नंतर नंतर गिटार घरीच ठेवून यायला लागले. काकूंचे कांदेपोहे खायचे, ऐकायचं आणि दुपारच्या गाडीने जायचं. फी कोणी कोणाला द्यायची याबद्दल दोघांच्याही मनात संकोच निर्माण झाला आणि शिकवणी थांबली. मैत्री आहे.

मेयरबद्दल काकांना विशेष जिव्हाळा. “आपल्याच लाइनचा माणूस,” असं ते म्हणतात. त्या जिव्हाळ्यातून त्यांनी फझचं पेडल घरी बनवायला घेतलं. फझ म्हणजे गिटारचा स्वच्छ आवाज मुद्दाम फाडून त्याची गुरगुर करणारी डबी. गाण्याची ती ओळखच. जुन्या फझ पेडलांत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत आणि काकांना जर्मेनियमच हवं होतं. सिलिकॉनचं नाव काढलं तर ते डालडा सुचवल्यासारखे बघतात. लॅमिंग्टन रोडला खेपा घालून ट्रान्झिस्टर मिळवले, इस्त्रीच्या टेबलावर डबी जोडली. डबी वाजली. अगदी खरं सांगतो, सुंदर वाजली. पण जर्मेनियमचा स्वभाव असा की उष्णता वाढली की गळती वाढते आणि आवाज बदलतो. लंडनच्या थंडीत हे चालून जात असावं. बोईसरला मे महिन्यात पेडल फक्त धापा टाकतं. तेव्हा काकांचा फझचा मोसम डिसेंबर-जानेवारी, आंब्याला मोहोर येतो त्याच्या आसपास. त्यातही सेल संपतो. तारापूरच्या चार भट्ट्यांची मिळून स्थापित क्षमता १,४०० मेगावॉट आहे. तिच्या सावलीत जन्म काढलेल्या माणसाचा रियाज नऊ व्होल्टचा सेल संपला म्हणून सुटतो.

हे संगीत निघालं तो काळ नशेचाही होता, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या काळच्या लंडनमध्ये ॲसिड म्हणजे एलएसडी. आमच्या एमआयडीसीत ॲसिड म्हणजे टँकर, आणि डोस चुकला तर मेमो. काका सुपारीसुद्धा खात नाहीत. हेंड्रिक्सने मात्र सांगून ठेवलं होतं की गाणं समुद्राखालून चालण्याच्या एका स्वप्नावरून सुचलं. तेव्हा अनुभव यावा म्हणून काका एकदा ओहोटीला चिंचणीच्या किनाऱ्यावर चालत गेले. गुडघाभर पाण्यापर्यंत गेले. तिथे चप्पल गेली.

काकू भजनी मंडळात पेटी वाजवतात. माहेर केळव्याचं, शीतलादेवीच्या देवळात लहानपणापासून बसणं-उठणं, त्यामुळे कान तयार. एकदा काका मला सुरुवातीच्या तुकड्याची थोरवी समजावत होते. गिटार एक सूर धरते, बास दुसरा, आणि दोन्ही एकमेकांना असे घासतात की जुन्या युरोपात त्या अंतराला सैतानाचं नाव दिलेलं. काकू मेथी निवडत होत्या. हात पुसून त्यांनी पेटी ओढली, भाता हलवला. “सा आणि तीव्र मध्यम,” म्हणाल्या. “एवढंच ना? यमनात रोज भेटतो. सैतान कसला मेला?” काकांनी बाजू सावरायला दुसरं अस्त्र काढलं, ते म्हणजे हेंड्रिक्सची म्हणून जगभर ओळखली जाणारी कॉर्ड. हिच्यात शुद्ध गंधार आणि कोमल गंधार दोन्ही एकदम दाबलेले असतात. काकूंनी दोन्ही पट्ट्या दाबून पाहिल्या आणि तोंड कडू केलं. “दोन्ही गंधार जोगात आहेत. पण चढताना शुद्ध, उतरताना कोमल. एक गेला की दुसरा येतो. तुमच्या माणसाने दोघांना एकाच खाटेवर झोपवलंय.” पुन्हा दाबून पाहिलं. आणखी एकदा. “बरं वाटतंय पण,” म्हणाल्या आणि मेथीकडे वळल्या. त्यानंतर एकादशीच्या भजनात एका अभंगाच्या आधी पेटीवर काहीतरी चमत्कारिक वाजलं, असं मंडळातल्या बायका सांगतात. काकू कबूल करत नाहीत.

मला विचाराल तर या गाण्यातला जो बेहोशीचा भाग आहे, त्यासाठी लंडनला जायची आमच्या जिल्ह्याला कधी गरज नव्हती. जव्हार-डहाणूकडच्या पाड्यांवर तारपा आहे. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाची पानं एवढ्यावर वाद्य. वाजवणारा श्वास तोडत नाही, सूर तुटत नाही, आणि त्याच्याभोवती फेर धरलेली माणसं रात्रभर फिरतात. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून तो फेर जगभर गेला. १९६६-६७मध्ये तिकडचे रॉकवाले सतार आणि तंबोरा आणवून जो न थांबणारा सूर शोधत होते, तो इथे नाचायला वापरतात. काकांना हे पटतं. तारपा ऐकायला जव्हारला जायचंच, असं ते प्रत्येक दिवाळीत म्हणतात. वुडस्टॉकवरचा माहितीपट मात्र त्यांनी इतक्यांदा पाहिलाय की चिखलात लोळणारी पोरं ते चेहऱ्याने ओळखतात.

आमच्या सोसायटीतला नववीतला एक मुलगा मोबाइलवर बघून हेच गाणं एका सुट्टीत शिकला. गणेशोत्सवात वाजवलं. सोलोसकट. टाळ्या पडल्या. काका पुढच्या रांगेत डोळे मिटून बसले होते. संपल्यावर मुलगा पाया पडला, तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “नोट्स आहेत. फील नाही.” हा फील काकांचा राखीव साठा आहे. कुठल्याही वाजवणाऱ्याला ते या एका शब्दात घरी पाठवू शकतात. स्वतःच्या वाजवण्याबद्दल ते नेमकं उलटं सांगतात: फील आहे, नोट्स बसायच्या राहिल्यात.

एकदाच हा साठा कमी पडला. नवापूरला एका हळदीला आम्ही गेलो होतो. हळद म्हणजे आमच्याकडे बेंजो पार्टी आलीच. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांनी बुलबुलतरंगाला पिकअप लावून तो भोंग्यांतून सोडल्याची कल्पना करावी. ॲम्प्लिफायर शेवटच्या टोकाला पिळलेला असतो, आवाज आपोआप फाटतो. ज्या गुरगुरीसाठी काका लॅमिंग्टन रोडला खेपा घालत होते ती तिथे फुकट वाहत होती, आणि तीही मे महिन्यात. काका मंडपाच्या कडेला उभे राहून ऐकत होते. दोन गाण्यांच्या मध्ये ते बेंजोवाल्या पोराजवळ गेले आणि कानात ‘पर्पल हेझ’ची सुरुवात गुणगुणले. पोराने मान हलवली. एकदा चाचपलं. दुसऱ्यांदा वाजवलं. तिसऱ्यांदा ढोलकी, ताशा आणि ऑक्टोपॅड खाली आले आणि हळदीने पिवळी झालेली सगळी नवापूर आळी ‘पर्पल हेझ’वर नाचली. नवरदेवाच्या आत्याने मला विचारलं, “कंच्या पिक्चरचं रं?”

मी काकांकडे बघत होतो. आता फीलचं काय म्हणणार? फील तर मंडपात मावत नव्हता. काकांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नाही. डोळे मोठे, डाव्या हाताची बोटं पँटवर चालू. गाणं संपलं. ते पोराजवळ गेले. मला वाटलं मिठी मारणार, किंवा रडणार. काका म्हणाले, “तारा कुठल्या गेजच्या लावतोस?”

पोरगा म्हणाला, “काय माहीत. दुकानात देतात त्या.”

परतीच्या रिक्षात काका बराच वेळ गप्प होते. पास्थळ आलं तेव्हा बोलले. “भाऊ, बुलबुलतरंगाला पट्ट्या असतात, अंगठ्याचा प्रश्नच येत नाही. तिथेच सगळा फरक पडतो.” मग खुशीत आले आणि घर येईपर्यंत अंगठ्याबद्दल बोलत राहिले.

लोकांना वाटतं, एवढी वर्षं एका गाण्यापाशी अडकलेला माणूस दुःखी असणार. साफ चूक. मी आजवर पाहिलेल्या समाधानी माणसांत काकांचा नंबर फार वर आहे. ज्यांना गाणी येतात ते लोक चिडचिडे असतात; त्यांना कार्यक्रम मिळत नाही, माइक नीट नसतो, मानधन राहिलेलं असतं. काकांचं कोणाकडे काही राहिलेलं नाही. हेंड्रिक्स १८ सप्टेंबर १९७०ला सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्याला घाई होती असं काकांचं मत आहे. ‘निवृत्तीनंतर पूर्ण वेळ’ हा त्यांचा बेत ठरलेला आहे आणि निवृत्तीनंतर वापरायच्या तारा आताच आणून, तेल लावून, डब्यात ठेवलेल्या आहेत.

डहाणूहून येणाऱ्या लोकलमध्ये रविवारी बोईसरला काळी गिटारबॅग घेतलेले एक गृहस्थ चढतील. कोणीतरी हमखास म्हणतं, “काका, होऊन जाऊ दे एखादं!” तुम्ही तसं म्हणू नका, ते लगेच “ट्यूनिंगला नाही” म्हणून खिडकीबाहेर बघायला लागतात. त्याऐवजी थोडं सरकून जागा करून द्या आणि तारा कुठल्या वापरता ते विचारा. उमरोळी-पालघरपर्यंत तारा होतील, केळवे रोडला अंगठा निघेल, सफाळ्याला जर्मेनियम, आणि वैतरणेच्या पुलावर रॉजर मेयर. गाणं विरारच्या पुढे आहे. तुम्हाला विरारलाच उतरायचं असेल तर खुशाल उतरा. ते वाईट वाटून घेणार नाहीत, तुमच्या जागेवर दुसरा कोणीतरी बसतोच.